ग्लासातलं पाणी हलत नव्हतं

“पंप चालू कर, बनसोडे.”

प्लांट मॅनेजर राणेसाहेब हे तिसऱ्यांदा म्हणाले. पहिल्या दोन वेळा ‘करा’ म्हणाले होते. मी पंपाच्या पॅनलला पाठ लावून उभा होतो आणि पॅनलच्या कुलपाची किल्ली माझ्या पँटच्या खिशात होती. समोर तीन टनांचा बॉयलर. त्याच्या पोटात पाणी किती आहे हे आम्हा तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. तिसरा म्हणजे भट्टी सांभाळणारा माझा फायरमन कांबळे. तो घामाने निथळत भट्टीतली आग बाहेर ओढत होता.

मी सॅम्युएल बनसोडे. बॉयलर अटेंडंट, फर्स्ट क्लास सर्टिफिकेट. आनंदनगर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत एकवीस वर्षं काढली आणि मागच्या वर्षी रिटायर झालो. कंपनीचं नाव सांगणार नाही. त्यांना त्रास द्यायचा असता तर तेव्हाच दिला असता.

बॉयलर म्हणजे काय, तर घरातल्या कुकरचा थोरला भाऊ. आत लोखंडी नळ्या असतात. नळ्यांतून आगीची धग जाते, भोवती पाणी असतं, त्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ पाइपातून प्लांटला जाते. जोवर नळ्या पाण्यात बुडालेल्या आहेत तोवर बॉयलरसारखा गरीब प्राणी नाही. पाणी खाली गेलं की वरच्या नळ्या उघड्या पडतात आणि तापून लाल होतात. अशा वेळी घाबरून पंप चालू केला आणि त्या लाल नळ्यांवर पाणी पडलं, तर एका क्षणात इतकी वाफ होते की शेडचे पत्रे गोळा करायला चिखलोलीपर्यंत जावं लागेल. अटेंडंटचे तुकडे मग कुणी गोळा करत बसत नाही.

म्हणून अटेंडंटचं सगळं लक्ष एका काचेच्या नळीवर असतं. तिला गेज ग्लास म्हणतात. बॉयलरला बाहेरून लावलेली उभी नळी. आत जेवढं पाणी, तेवढंच नळीत दिसतं. पण ही नळी खोटंही बोलते. तिच्या खालच्या तोंडात गाळ अडकला की आतलं पाणी उतरलं तरी नळीतलं पाणी तिथेच राहतं. उलट वरून आलेली वाफ थंड होऊन पाणी थोडं आणखी साचतं. म्हणून शिफ्टच्या सुरुवातीला ग्लास ‘ब्लो’ करायचा. खालचा कॉक उघडून नळीतलं पाणी सोडून द्यायचं आणि कॉक बंद केला की पाणी परत झटकन वर येतंय का बघायचं. आलं तर ग्लास खरा. हे काम एका मिनिटाचं आहे आणि त्या मिनिटावर सगळ्यांचा जीव आहे.

माझी एक सवय होती. आमचं घराणं नगरकडचं, तीन पिढ्या ख्रिस्ती. रविवारी उल्हासनगर कॅम्प तीनला एका जीन्सच्या कारखान्याच्या वरच्या हॉलमध्ये आमची मंडळी जमते. अर्धे मराठी, अर्धे सिंधी. प्रार्थना मराठीत सुरू होते आणि हिंदीत संपते, देवाला दोन्ही कळतं. तर मी रोज सकाळी सातला ग्लास ब्लो करताना प्रार्थना करायचो. डावा हात रेलिंगवर, उजवा हात कॉकवर आणि तोंडाने, “प्रभू, हे आठ तास तुझ्या हातात.” पाणी वर आलं की आमेन. किती वर्षं केलं, मोजलं नाही. प्लांटमध्ये मला ‘पास्टर’ म्हणायचे. म्हणू देत. कांबळे मात्र सॅमभाऊ म्हणायचा. तो बदलापूरचा, बौद्ध घरातला, देव वगैरे काही मानत नाही. रोज तो जय भीम म्हणायचा, मी जय ख्रिस्त म्हणायचो आणि आम्ही कामाला लागायचो. “सॅमभाऊ, तुमचा देव आज ड्युटीवर आहे ना?” हा त्याचा ठरलेला प्रश्न. “तुझ्या आधी आलाय,” हे माझं ठरलेलं उत्तर.

त्या आठवड्यात एमआयडीसीचं पाणी कमी येत होतं म्हणून कंपनीने टँकर मागवले होते. टँकरचं पाणी जड. जड पाण्याने बॉयलरमध्ये गाळ धरतो हे आम्हाला माहीत होतं. बॉयलरला दोन ग्लास असतात, पण आमचा दुसरा पाच महिने बंद होता. काच फुटली होती आणि नवी ‘मिळत नव्हती’. पाणी कमी झालं की आपोआप बॉयलर बंद करणारा एक स्विच असतो, त्याला लो-वॉटर ट्रिप म्हणतात. तो सारखा ट्रिप व्हायचा म्हणून वायर जोडून बायपास करून ठेवला होता. राणेसाहेबांनी तोंडी सांगितलं, इलेक्ट्रिशियनने वायर जोडली आणि मी ती रोज बघत गप्प बसलो. याचा दोष माझ्या माथी मारा, मी नाही म्हणणार नाही. त्यात पंपही आम्ही हातानेच चालू-बंद करायचो, ग्लास बघून. सगळा कारभार त्या एका नळीवर.

त्या दिवशी सातला मी बॉयलरसमोर उभा राहिलो आणि बायकोचा फोन आला.

शालिनीला स्तनाचा कॅन्सर होता. उपचार कामगार विम्याच्या कार्डावर चालले होते. म्हणजे माझी नोकरी होती म्हणून चालले होते. नोकरी सुटली की काही महिन्यांत कार्ड बंद, हे विम्याच्या हॉस्पिटलातल्या खिडकीवरच्या बाईने आम्हाला नीट समजावून सांगितलं होतं. शालिनी फोनवर म्हणाली, लॅबचा रिपोर्ट मोबाइलवर आलाय, शेजारच्या ताईंनी वाचून दाखवला, लिव्हरवरही आहे म्हणे. एवढं सांगून ती म्हणाली, डब्यात भेंडी आहे, ती आधी खा, उतरेल. आणि फोन ठेवला.

मी तिथेच डोळे मिटले. रोजची प्रार्थना नव्हती ती. मी देवाशी भांडलो. म्हटलं, तू आहेस हे मला माहीत आहे, म्हणून तर तुलाच विचारतोय, हे काय चाललंय? बराच वेळ बोललो. शेवटी सवयीने ते आठ तास त्याच्या हातात दिले, आमेन म्हटलं, डोळे पुसले आणि टेबलावर जाऊन लॉगबुकात लिहिलं: सात वाजता, ग्लास ब्लो, ओके.

मी खोटं लिहितोय असं मला वाटलंच नाही. प्रार्थना झाली होती, म्हणजे ग्लास झाला होता. इतकी वर्षं दोन्ही एकत्रच व्हायचं.

साडेसातला प्लांटने वाफ ओढायला सुरुवात केली. त्यांच्या रिअॅक्टरमध्ये मोठी बॅच होती. अशा लोडला आम्हाला दर दहा मिनिटांनी पंप चालवावा लागतो. मी ग्लास बघत होतो, पाणी अर्ध्याच्या वर. ठीक आहे. पुन्हा बघितलं, तेवढंच. आठला पाच कमी असताना कांबळे भट्टीत ब्रिकेट, म्हणजे दाबलेल्या भुशाचे ठोकळे, टाकता टाकता म्हणाला, “सॅमभाऊ, आज पंप नाही चालवला काय?”

मी ग्लासजवळ गेलो. चालू बॉयलरच्या ग्लासातलं पाणी कधी शांत नसतं. आत उकळी असते, त्यामुळे ते सारखं थोडं डुलतं. हे पाणी डुलत नव्हतं. देवघरातल्या तांब्यातलं असतं तसं गपगार.

मी सकाळी ग्लास ब्लो केला होता ना? मी आठवायला लागलो. प्रार्थना आठवली. आमेन आठवलं. उजवा हात आठवेना. मग आठवला. उजव्या हातात मोबाइल होता.

 मी कॉक उघडला. नळीतलं पाणी गेलं. कॉक बंद केला. पाणी वर आलं नाही. पुन्हा केलं. नाही आलं. खालचं तोंड जाम होतं आणि बॉयलरमध्ये पाणी कुठे आहे ते आता फक्त बॉयलरला माहीत होतं.

अशा वेळी काय करायचं हे आमच्या परीक्षेत पहिल्या पानावर असतं. आग बंद करा. पाणी घालू नका. वाट बघा. मी भट्टीचे फॅन बंद केले, कांबळेला आग ओढायला सांगितलं आणि पंपाचं मेन पाडून पॅनलला कुलूप घातलं. हे शेवटचं कुणी सांगितलेलं नाही. पण कंपनी मी ओळखून होतो.

पाच मिनिटांत प्लांटमधलं स्टीम प्रेशर उतरलं आणि राणेसाहेब धावत आले. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या डोक्यावर बॅच होती. बॅच अर्ध्यात गार झाली की वाया. त्यांना मी सांगितलं ग्लास जाम आहे, पाण्याचा पत्ता नाही. त्यांनी ताबडतोब उपाय काढला. पंप चालू करा, पाणी भरा, म्हणजे प्रश्न मिटला. मी म्हटलं, नळ्या उघड्या असतील तर आपणच मिटू. ते म्हणाले, कशावरून उघड्या आहेत? मी म्हटलं, कशावरून नाहीत?

तेव्हा तो तिसऱ्यांदाचा ‘पंप चालू कर’ आला. मी हललो नाही. मग त्यांनी टेबलावरचं लॉगबुक उचललं.

“हे बघ. सातला तूच लिहिलंयस, ग्लास ब्लो ओके. एका तासात ग्लास जाम होतो काय रे? पाणी आहे आत. थोडा कचरा अडकलाय एवढंच.”

इथे माझी खरी गोची होती. त्यांचं गणित बरोबर होतं. ती नोंद खरी असती तर मीही कदाचित पंप चालू केला असता. त्यांना थांबवायचं तर एकच रस्ता होता, नोंद खोटी आहे हे सांगायचं. लॉगबुकात खोटं लिहिणाऱ्या अटेंडंटला कुठलीही कंपनी त्याच दिवशी घरी पाठवू शकते. मी घरी गेलो की कार्ड गेलं. कार्ड गेलं की शालिनीच्या केमोची पुढची सायकल गेली. मला भीती वाटली. बॉयलरची नव्हे, ती तर आधीच वाटत होती. मला शालिनीला हे कसं सांगू याची भीती वाटली.

राणेसाहेबांनी माझा चेहरा बघितला आणि त्यांना वाटलं मी नरम पडलो. आवाज खाली आणून ते म्हणाले, “घरी पेशंट आहे तुझ्या. नोकरीचा विचार कर. आणि रोज सकाळी इथे डोळे मिटून उभा असतोस ना? मग आज का फाटते? ठेव की भरोसा.”

आता माझं डोकं फिरलं. देवाचं नाव घेऊन मला कुणी घाबरवलं तर चालतं. देवाचं नाव घेऊन कुणी मला मूर्ख बनवायला गेलं की चालत नाही.

“भरोसा देवावर आहे साहेब,” मी म्हटलं. “या ग्लासावर नाही. सकाळी मी तो ब्लो केलाच नाही. लॉगमध्ये लिहिलंय ते खोटं आहे. सही माझी आहे. काय करायचं ते नंतर करा, पण पंप चालू होणार नाही.”

 कांबळेने सळई टेकवली आणि माझ्याकडे बघितलं. त्यालाही हे माहीत नव्हतं. त्याच्या शेजारी उभं राहून मी त्याचाही जीव टांगणीला लावला होता. तो मला काहीही बोलला असता तरी मी ऐकून घेतलं असतं. तो आला आणि पॅनलसमोर माझ्या बाजूला उभा राहिला.

राणेसाहेब म्हणाले, “किल्ली दे. उद्यापासून येऊ नकोस.”

“उद्याचं उद्या,” मी म्हटलं. “आज शिफ्ट तीनपर्यंत आहे. मला काढायचं तर सिक्युरिटी बोलवा. पण त्यांना आत पाठवायच्या आधी हा बॉयलर फुटणार नाही असं एका कागदावर लिहून सही करा.”

त्यांनी कागद मागितला नाही. एकदा बॉयलरकडे बघितलं. मग बाहेर गेले आणि आजूबाजूच्या शेडमधली माणसं गेटवर काढायला सांगितली. बॅच गेली. दिवसभर प्लांट बंद राहिला आणि सगळी कंपनी मला शिव्या घालत गेटवर चहा प्यायली.

संध्याकाळी शालिनीला सगळं सांगितलं. खोटी नोंद, राणेसाहेब, कार्ड, सगळं. ती पलंगावर बसून लसूण सोलत होती. केमोने नखं काळी पडली होती तरी सोलत होती, दुसऱ्याने सोललेला तिला चालायचा नाही.

“खरं सांगितलंत ना?” तिने विचारलं.

“सांगितलं.”

“मग जेवा. कार्ड घेऊन जन्माला नव्हते आले मी.”

दुसऱ्या दिवशी बॉयलर गार झाला. तपासणीला बाहेरचे एक इंजिनिअर आले. झाकण उघडलं, टॉर्च मारला. पाणी वरच्या नळ्यांच्या चार बोटं खाली होतं. वरच्या रांगेतल्या नळ्या निळ्या पडल्या होत्या आणि दोन चक्क वाकल्या होत्या. इंजिनिअरने विचारलं, यावर पाणी घातलं नाहीत ना? मग स्वतःच म्हणाले, नाही घातलं, नाहीतर मला कोण बोलावणार होतं. राणेसाहेबांनी टॉर्च घेतला, आत वाकून बघितलं आणि बाहेर येऊन ब्रिकेटच्या पोत्यावर बसले. स्वच्छ कपड्यांनिशी, तसेच. थोड्या वेळाने मला म्हणाले, वायरबद्दल विचारलं तर काय सांगशील? मी म्हटलं, खरं. ती माझ्यासमोर जोडली आणि मी गप्प बसलो, हेही सांगेन. त्यांनी मान डोलावली.

मला थँक्यू कुणी म्हटलं नाही. मेमो मिळाला. खोटी नोंद केल्याबद्दल पंधरा दिवस घरी. तो मेमो योग्य होता, मी आजही जपून ठेवलाय. नोकरी राहिली, कार्ड राहिलं. लो-वॉटर ट्रिपची वायर त्याच दुपारी निघाली आणि पाच महिने न मिळणारी ग्लासची काच दुसऱ्या दिवशी मिळाली. अंबरनाथ स्टेशनजवळच्या दुकानात होती.

त्या पंधरा दिवसांत मंडळीतले एक वडीलधारे ब्रदर घरी आले. प्रार्थना केली, डोक्यावर हात ठेवला, तिथपर्यंत छान. मग म्हणाले, सिस्टर, पूर्ण विश्वास असेल तर औषधं बंद करा. औषध घेणं म्हणजे शंका घेणं. मी तोंड उघडायच्या आत शालिनी म्हणाली, “ब्रदर, आधी तुमचा चष्मा काढा. मग घरी चालत जा. सुखरूप पोचलात की फोन करा, मी औषधं बंद करते.” ब्रदरनी चहा अर्धा ठेवला. मी मात्र पुष्कळ दिवसांनी पोट धरून हसलो.

शालिनी त्यानंतर चौदा महिने जगली. औषधं घेऊन आणि प्रार्थना करून, दोन्ही. शेवटपर्यंत दोन्हींपैकी एकही सोडलं नाही. आणि ती गेली. मी इथे गोड काही लिहिणार नाही. मी मागितलं आणि मिळालं नाही. दफनाच्या दिवशी तेच ब्रदर म्हणाले, कुठेतरी विश्वास कमी पडला असेल. मी त्यांना कबरीच्या बाजूला नेऊन शांतपणे सांगितलं की हे वाक्य पुन्हा माझ्या कानावर आलं तर मी वय बघणार नाही. ज्या बाईने रिपोर्ट ऐकून आधी नवऱ्याच्या डब्यातली भेंडी आठवली, तिचा विश्वास मोजायला हे कोण?

कांबळे आला होता. बदलापूरहून सकाळीच, बायकोला घेऊन. परत जाताना त्याने मला बाजूला घेतलं. चेष्टा नव्हती, खरंच विचारायचं होतं त्याला.

“सॅमभाऊ, राग नका मानू. तुमचा देव कुठे होता?”

“माहीत नाही,” मी म्हटलं. “रोज विचारतो. तो बोलत नाही म्हणून मी जागा सोडून जाणार नाही, एवढं नक्की. त्यालाही सांगितलंय तसं.”

तो माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला.

आठव्या दिवशी मी कामावर गेलो. सात वाजले. मी बॉयलरसमोर उभा राहिलो आणि मला एक शब्द सुचेना. हात कॉककडे जाईना. मागून कांबळे आला. आज देव ड्युटीवर आहे का, हे त्याने विचारलं नाही.

“ग्लास मी ब्लो केलाय, सॅमभाऊ. दोन्ही केलेत,” तो म्हणाला. “तुम्ही तुमचं बोलून घ्या निवांत. मी इथेच आहे.”

आणि तो खरंच पाठ करून उभा राहिला, कुणी मध्ये येऊ नये म्हणून. ज्याला देव नाही तो माणूस माझ्या प्रार्थनेला पहारा देत होता. मला रडू आलं. मी लपवलं नाही.

मग मी कॉक धरला आणि दोन्ही ग्लास पुन्हा ब्लो केले. पाणी वर आलं, डुललं. त्यानंतर हात मोकळे केले, डोळे मिटले आणि बोललो. रिटायर होईपर्यंत मी तो क्रम बदलला नाही. जे कोणी या धंद्यात नवीन आहेत त्यांना एवढंच सांगेन. देवावर विश्वास ठेवा, बरोबरच्या माणसावर ठेवा, पण ग्लास त्याने ब्लो केला असेल तरी स्वतः एकदा करा. त्या दिवशी मी पुन्हा ब्लो केले याचा कांबळेला राग आला नाही. तो म्हणाला, “बरं केलंत. मी पण हेच केलं असतं.”